लकी अलीला हृतिकच्या सिनेमाने मोठं केलं? नाही हो!

'कहो ना प्यार है'ने गायक लकी अलीला नाव मिळवून दिलं, ही समजूत इतकी मुरलीय की कोणी ती तपासतही नाही. सिनेमा आला जानेवारी 2000मध्ये. लकीचा 'सुनोह' हा अल्बम आला होता 1996मध्ये! त्यातल्या 'ओ सनम'ने तो घराघरांत पोचला. महेश मथाईंनी इजिप्तमध्ये चित्रित केलेला तो व्हिडिओ, ते पिरॅमिड, ती वाळू नव्वदच्या दशकात टीव्हीसमोर बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. 1998मध्ये 'सिफर'ही येऊन गेला. म्हणजे राजेश रोशन यांनी त्याला गायला बोलावलं, तेव्हा तो चांगलाच नावारूपाला आलेला होता. सिनेमातल्या 'ना तुम जानो ना हम' या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं, त्यामुळे मागचं सगळं पुसलं गेलं असावं.

दुसरा गैरसमज त्याहून चिवट: 'ओ सनम' लकीनेच लिहिलं. गिटार घेऊन एकटा भटकणारा माणूस पडद्यावर दिसला, की शब्दही त्याचेच, असं आपण धरून चालतो. ते शब्द सय्यद अस्लम नूर यांचे आहेत. अल्बमच्या त्या मोकळ्या, कमी वाद्यांच्या ध्वनीमागे मायकी मॅक्लिअरी या न्यूझीलंडच्या संगीतकाराचा मोठा हात आहे; तो तेव्हा लकीचा मेव्हणा होता.

आणि विनोदी अभिनेता मेहमूदचा मुलगा म्हणून आयतं मिळालं म्हणावं, तर 'सुनोह' आला तेव्हा गडी पस्तिशी ओलांडून गेला होता.