शाळेने शिकवले किती, घराने किती?

खासगी शाळेतील पाचवीची मुले सरकारी शाळेतील पाचवीच्या मुलांपेक्षा वाचनात आणि गणितात पुढे असतात, असे आपल्या देशातील पाहण्यांत वर्षानुवर्षे दिसत आले आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात होणारी 'असर' पाहणीही हेच सांगते. या पाहणीचे स्वयंसेवक मुलांना शाळेत नव्हे, तर घरी जाऊन भेटतात. त्यामुळे शाळा बुडवणारे मूलही मोजणीत येते. दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो का, हातच्याची वजाबाकी जमते का, भागाकार येतो का, असे साधे प्रश्न ते विचारतात. हे आकडे खोटे नाहीत. मात्र पाल्याला कोणत्या शाळेत घालावे या विवंचनेतले आईवडील त्यांवरून जो निष्कर्ष काढतात, तो नीट तपासून घ्यायला हवा.

पीठ चांगले निघाले म्हणून गिरणीला शाबासकी देण्यापूर्वी दळायला गहू कोणता नेला होता, हे पाहावे लागते. शुल्क भरून खासगी शाळेत मूल घालणारे कुटुंब बहुधा थोडे अधिक कमावते, आई अधिक शिकलेली असते, घरात वर्तमानपत्र येते, संध्याकाळी शिकवणी लावता येते, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या शिक्षणाची धास्ती त्या घराने आधीच घेतलेली असते. या सगळ्याचा परिणाम गुणांवर होतो आणि श्रेय जाते शाळेच्या फाटकावरील नावाला. संख्याशास्त्रात याला निवडीमुळे येणारा कल म्हणतात. घराचे उत्पन्न, पालकांचे शिक्षण आणि शिकवणी यांचा हिशेब धरला, की सरकारी व खासगी शाळांमधील अंतर बरेच आक्रसते. अमेरिकेतही रॉबर्ट पियान्टा आणि आर्या अन्सारी यांनी सुमारे एक हजार मुलांचा जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंत घेतलेला मागोवा अभ्यासून २०१८ साली हेच दाखवले. कुटुंबाचे उत्पन्न लक्षात घेताच खासगी शाळेचा वरचष्मा जवळपास नाहीसा झाला.

तरीही शंका उरते, कारण घराच्या सगळ्याच गोष्टी मोजता येत नाहीत. आईची जिद्द कोणत्या रकान्यात भरणार? यावरचा खरा उपाय म्हणजे सोडत, आणि तो प्रयोग आपल्याच देशात मोठ्या प्रमाणावर झाला आहे.

२००८ साली अविभाजित आंध्र प्रदेशातील पाच जिल्ह्यांच्या १८० गावांमध्ये, मुलांना खासगी शाळेत पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती हवी असलेल्या कुटुंबांकडून अर्ज मागवण्यात आले. मग आधी गावांची सोडत निघाली आणि निवडलेल्या गावांत अर्जदारांची. ज्यांना चिठ्ठी लागली आणि ज्यांना लागली नाही, ते सगळेच अर्ज करणारे, म्हणजे सारख्याच जिद्दीचे होते. फरक होता तो केवळ नशिबाचा. पुढे दोन आणि चार वर्षांनी दोन्ही गटांच्या मुलांची परीक्षा घेण्यात आली. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेलुगू, गणित, इंग्रजी आणि विज्ञान-सामाजिक शास्त्रे या विषयांत दोन गटांमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. हिंदीत मात्र चिठ्ठी लागलेली मुले बरीच पुढे होती, कारण त्या खासगी शाळांच्या वेळापत्रकात हिंदीला स्वतंत्र तास होते.

एवढे वाचून सरकारी शाळांचे समर्थक सुखावतात आणि पुढचे पान उलटत नाहीत. पुढच्या पानावर लिहिले आहे, की या खासगी शाळांचा प्रति विद्यार्थी खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता. शिक्षकांचे वेतन तुटपुंजे, प्रशिक्षण कमी. पण ते वर्गात अधिक वेळा हजर असत. तेलुगू आणि गणिताला कमी तास देऊनही त्यांची मुले त्या विषयांत मागे पडली नाहीत. म्हणजे खासगी शाळा कमी पैशांत तेवढेच काम करत होत्या. जास्त काम करत नव्हत्या. शासनाच्या तिजोरीसाठी पहिले वाक्य महत्त्वाचे, तर पालकासाठी दुसरे. हेही लक्षात ठेवावे, की या शाळा गावांतल्या, अल्प शुल्काच्या होत्या. पुण्या-मुंबईच्या लाखाचे शुल्क घेणाऱ्या शाळांना हा निष्कर्ष सरसकट लावता येणार नाही.

याच अभ्यासात आणखी एक संकेत मिळाला, आणि माझ्या मते महाराष्ट्रातील पालकांसाठी तो सर्वांत मोलाचा आहे. खासगी पण तेलुगू माध्यमाच्या शाळांत गेलेल्या मुलांची प्रगती खासगी इंग्रजी माध्यमात गेलेल्यांपेक्षा चांगली दिसली. यामागचे कारण वाचनाच्या मानसशास्त्रात सापडते. फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार, वाचून समजणे हा अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि बोललेली भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार असतो, बेरीज नव्हे. दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तरही शून्यच येते. जे मूल घरी मराठी किंवा अहिराणी ऐकते, त्याला पहिलीत इंग्रजी धडा घडाघडा वाचता आला, तरी त्यातील शब्दच ओळखीचे नसतील तर ते वाचन म्हणजे निव्वळ पाठांतर होय. आपल्याकडे मात्र शासकीय की खासगी या प्रश्नाच्या पोटात मराठी की इंग्रजी हा प्रश्न इतका बेमालूम मिसळलेला असतो, की पालक एक निर्णय घेतो आहोत असे समजून प्रत्यक्षात दोन घेतात. ज्या घरात इंग्रजी रोजच्या बोलण्यात आहे, तेथील मुलाची गोष्ट वेगळी.

याचा अर्थ शाळा कोणतीही चालेल असा नाही. सरकारी आणि खासगी या दोन कप्प्यांमध्ये जेवढे अंतर आहे, त्याहून अधिक अंतर एकाच कप्प्यातील दोन शाळांमध्ये असू शकते, आणि कित्येकदा एकाच शाळेच्या दोन तुकड्यांमध्ये. म्हणून फाटकावरील पाटीपेक्षा पहिलीच्या वर्गात डोकावणे अधिक माहिती देते. चौथीपर्यंतचे वर्ग दोनच शिक्षक सांभाळतात का? कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे, ते पाळले जाते का? तासाला मुले बोलतात, की फक्त फळ्यावरचे उतरवून घेतात? दुसरी संपवलेल्या मुलाला अनोळखी गोष्ट वाचायला देऊन ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावली, तर जे कळते ते प्रगतिपुस्तकावरील श्रेणीवरून कळत नाही. फक्त ही परीक्षा शाळेने पुढे केलेल्या हुशार मुलाची न घेता, आपल्यासारख्याच घरातून आलेल्या मुलाची घ्यावी.

आंध्रात जी सोडत प्रयोगासाठी काढावी लागली, ती महाराष्ट्रात दरवर्षी आपोआप निघते. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव असतात आणि अर्ज जास्त आले की ऑनलाइन सोडत काढली जाते. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली, त्यामुळे ही सोडत टिकून राहिली. प्रत्येक सोडतीतून दोन याद्या तयार होतात, नाव लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची. दोन्ही याद्यांतील मुले त्याच वस्त्यांतली, तशाच घरांतली असतात. पाचवी संपताना त्या दोन्ही याद्यांतील मुलांपुढे एकच उतारा आणि एकच भागाकार ठेवला, तर आपल्या राज्यातील शाळांबद्दलचे उत्तर आंध्रातून उसने आणावे लागणार नाही.