‘झेपेल का’ ते ‘चालेल का’ : जुन्या संगणकावर नवी विंडोज टाकण्याच्या प्रश्नामागचा इतिहास

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर चालणारे संगणक नेहमीसारखेच सुरू झाले. प्रिंटर चालला, टॅली चालली, मुलांचे प्रोजेक्टही छापून झाले. म्हणूनच घरोघरी तोच संवाद ऐकू येतो: ‘अहो, नीट चालतंय की, मग बदलायचं कशाला?’ प्रश्न जुनाच आहे, पण त्याचा अर्थ मात्र गेल्या तीस वर्षांत पार बदलला.

सुरुवातीला तो फक्त वजनाचा प्रश्न होता. २४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा मायक्रोसॉफ्ट किमान ४ एमबी रॅम मागत होती. एवढ्याशा रॅमवर ती कशी रांगायची हे ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. २००१ च्या ऑक्टोबरात आलेल्या विंडोज एक्सपीने किमान ६४ आणि शिफारस म्हणून १२८ एमबी मागितली. म्हणजे सहा वर्षांत किमान गरजच सोळा पट. त्यामुळे ‘नवी विंडोज टाकू का’ याचा सरळ अर्थ ‘या डब्याला ती झेपेल का’ एवढाच होता. उत्तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात मिळायचे: रॅमची एक पट्टी वाढवा, नाहीतर नवा डबा असेंबल करून घ्या. विंडोज सोबत ‘टाकून’ मिळायची. तिचा परवाना कुठे आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळाच.

या प्रश्नात तारीख शिरली ती २००२ ते २००४ या काळात. इंटरनेटला जोडलेल्या विंडोजमधल्या भगदाडांवर टीका वाढली तेव्हा बिल गेट्सने जानेवारी २००२ मध्ये कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा सुरक्षेला अग्रक्रम द्यायला सांगितले. तरीही ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाच्या, नेटवरून आपोआप पसरणाऱ्या किड्याने जगभरातल्या एक्सपींना एका मिनिटाची उलटी गणती दाखवून बंद पाडले. त्यावर उतारा असलेला अपडेट महिनाभर आधीच आलेला होता. तो लोकांनी टाकलेला नव्हता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने अपडेटचा दिवस ठरवून टाकला, दर महिन्याचा दुसरा मंगळवार. आणि प्रत्येक आवृत्तीला किती वर्षे आधार मिळेल, याचे २००२ मध्ये आखलेले धोरण २००४ मध्ये व्यावसायिक आवृत्त्यांसाठी किमान दहा वर्षांवर नेले. आज आपण ज्याला ‘सपोर्ट संपला’ म्हणतो, ती कल्पना तिथली आहे. तोवर सॉफ्टवेअर जुने व्हायचे. आता ते ठरल्या दिवशी संपू लागले.

आपल्याकडे याला एक चोरटी बाजू होती. अपडेट चालू ठेवले तर प्रत बनावट असल्याची सूचना यायची, आणि २००८ पासून तर डेस्कटॉपची पार्श्वभूमीच काळी व्हायची. मग मशीन बसवून देणारा जाता जाता ऑटोमॅटिक अपडेट बंद करून जायचा. थोड्याफार पैशांची बचत झाली असेल, पण ‘अपडेट म्हणजे कटकट’ ही समजूत त्यातून मुरली, आणि परवान्याचा संगणक घेणाऱ्यांतही ती अजून गेलेली नाही.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आली. नव्या विंडोजची धास्ती घेण्याला भरपूर कारण तिनेच दिले. दुकानात ‘व्हिस्टासाठी सक्षम’ असा स्टिकर लावून विकलेल्या कित्येक यंत्रांवर तिचा झगमगीत चेहरा चालतच नव्हता. प्रकरण सिएटलच्या न्यायालयात गेले, आणि तिथे उघड झालेल्या ईमेलांत खुद्द कंपनीचा एक उपाध्यक्ष, आपल्या महागड्या लॅपटॉपचे नुसते ईमेल यंत्र झाल्याची तक्रार करताना दिसला. लोक एक्सपीलाच चिकटून राहिले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

मराठी मुद्रणाच्या धंद्यात एक्सपीला चिकटून राहण्याचे कारण वेगळे होते. डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावणे, व्हायचे ते पेजमेकरमध्ये, आणि त्यात मराठी टंकण्यासाठी श्रीलिपी किंवा पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेचे आयएसएम. या सॉफ्टवेअरना संगणकाच्या मागच्या पोर्टला डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावावे लागे. नव्या विंडोजवर डोंगलचा ड्रायव्हर चालेल की नाही याची खात्री नसे, आणि ६४ बिटी विंडोजवर तर जुने १६ बिटी प्रोग्रॅम उघडतच नाहीत. शिवाय मजकूर त्या त्या फाँटच्या सांकेतिक रचनेत अडकलेला. सुरेख किंवा योगेश हा फाँट काढून घेतला की पानभर निरर्थक चिन्हे. गंमत अशी, की मराठीसाठी नवी विंडोजच अधिक सोयीची होत होती. एक्सपीत युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणारी, देवनागरी हवी तर सीडी घालून भाषांचा वेगळा भाग बसवावा लागे. व्हिस्टापासून ती मुळातच चालू असे. (मंगल फाँटमधले हिंदी वळणाचे ल आणि श मात्र कित्येक वर्षे आपल्या डोळ्यांत खुपत राहिले.) म्हणजे नव्याने लिहिणाऱ्याला नवी विंडोज हवी आणि वीस वर्षांची पुस्तके सांभाळणाऱ्याला जुनी. छापखान्यात एका टेबलावर दोन संगणक दिसत ते यामुळे.

एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपली. बँकांच्या एटीएममध्ये ती पुढेही धावत होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१७ मध्ये इशारा दिला, पण हालचाल होईना, तेव्हा जून २०१८ मध्ये टप्पे घालून दिले: सप्टेंबरपर्यंत किमान २५ टक्के एटीएम आणि जून २०१९ पर्यंत सगळी. मधल्या काळात, १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायली ओलीस धरून खंडणी मागणारा किडा पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तेव्हा दोष एक्सपीवर गेला. प्रत्यक्षात लागण झालेल्यांत बहुसंख्य यंत्रे विंडोज ७ ची, म्हणजे मुदत शिल्लक असलेली होती. त्यांच्यासाठीचा अपडेट मार्चमध्येच आला होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या या दुसऱ्या किड्याने मार्स्क या जहाज कंपनीला गाठले आणि न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. तो मात्र चोरलेल्या पासवर्डांवरही पसरत असल्याने अपडेट केलेली यंत्रेही सुटली नाहीत. नवी आवृत्ती म्हणजे कवचकुंडले नव्हेत, एवढे त्यातून दिसले.

दरम्यान वजनाचा प्रश्न जवळजवळ मिटला होता, आणि हे फारसे कोणी बोलून दाखवले नाही. २००९ ची विंडोज ७ आणि २०१५ ची विंडोज १०, दोघींची किमान मागणी सारखीच: १ गिगाहर्ट्झ प्रोसेसर, ३२ बिटीसाठी १ जीबी रॅम. शिवाय हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की दहा वर्षांचे मशीन टुणटुणीत व्हायचे. २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज १० फुकट होती. फुकट असूनही लोक घेईनात, तेव्हा कंपनीने तगादा लावला. एक वेळ तर अशी आली, की खिडकीवरच्या लाल फुलीवर क्लिक केले तरी तो होकार धरला जाई. २०१५ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने विंडोज १० ही शेवटची आवृत्ती असल्याचे जाहीर भाषणात सांगितले होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली. तिला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते, पण प्रोसेसर इंटेलचा निदान आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा निदान रायझन २००० च्या मालिकेतला हवा आणि सोबत टीपीएम २.० हवे. टीपीएम म्हणजे कूटलेखनाच्या किल्ल्या जपणारी चिप. अनेक मदरबोर्डांवर ती असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली. ती चालू करता येते, प्रोसेसरची अट मात्र सुटत नाही. आठवी पिढी २०१७ च्या उत्तरार्धात आली. म्हणजे त्याच वर्षाच्या सुरुवातीला घेतलेला चांगला आय-सेव्हन साडेचार वर्षांत दाराबाहेर. कंपनीची कारणे सुरक्षेची आहेत आणि ती खोटी नाहीत. पण सातव्या पिढीतले मोजकेच प्रोसेसर नंतर यादीत घेतले गेले, आणि त्यांतला एक नेमका मायक्रोसॉफ्ट तेव्हा स्वतः विकत असलेल्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकातला. हा योगायोग मला पटत नाही.

म्हणून आजचा प्रश्न ‘झेपेल का’ हा नाही, झेपतेच. कंपनीला चालेल का, हा आहे. पळवाटा काढून ११ टाकता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, आणि २४एच२ या आवृत्तीपासून फार जुन्या प्रोसेसरांवर ती सुरूच होत नाही. घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ३० डॉलर मोजून, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सेटिंगचा बॅकअप ठेवून पैसे न देता, अशी सोय झाली. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली त्याच डब्यावर मजेत चालते. टॅली आणि जुनी श्रीलिपी यांचे काय, एवढाच तिथे पेच. छापखान्यातला एक्सपीचा डबा मात्र नेटची वायर काढून कोपऱ्यात तसाच आहे, आणि त्यावरची पाने पेनड्राइव्हने शेजारच्या संगणकावर जातात.