गोव्याचा क्रोशा: सुती दोऱ्याचा इतिहास

पणजी, म्हापसा, मडगाव अशा शहरांत गेल्या काही वर्षांत क्रोशा आणि विणकामाच्या कार्यशाळा वाढल्या आहेत. एक लांब टेबल, मध्ये रंगीबेरंगी लोकरीचे गुंडे, आणि दोन-तीन तासांनी प्रत्येकीच्या हातात एखादे छोटे अस्वल नाही तर पेल्याखाली ठेवायची चकती. कॉलेजच्या मुली असतात, निवृत्त शिक्षिका असतात, अलीकडे मुलगेही दिसू लागले आहेत. हे सगळे पाहून मनापासून बरे वाटते. पण या टेबलावर सुती दोरा फारसा नसतो. असते ती अॅक्रिलिक लोकर. गोव्यात जानेवारीतल्या पहाटेही पारा क्वचितच १८-१९ अंशांच्या खाली जातो. इथल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे काम केले ते प्रामुख्याने सुती दोऱ्यात, बारीक सुईवर. ते कुठून आले आणि इथे कसे रुजले हे ठाऊक असेल, तर कार्यशाळेत काय शिकवायचे याचा विचारही वेगळा होईल.

विणकाम आणि क्रोशा ही सख्खी भावंडे वाटतात, पण दोघांच्या वयात मोठे अंतर आहे. दोन सुयांवरचे विणकाम जुने. इजिप्तमध्ये सापडलेले विणलेले सुती मोजे मध्ययुगातले आहेत. स्पेनमध्ये बुर्गोसच्या मठात १२७५ साली वारलेल्या राजपुत्राच्या थडग्यात बारीक विणीच्या उशा मिळाल्या. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र केले ते १५८९ साली, म्हणजे त्या काळी हाताने विणणाऱ्यांचा धंदा चांगला फोफावला होता. क्रोशाचे तसे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा खात्रीचा नमुना दाखवता येत नाही. १८२३ साली एका डच नियतकालिकात क्रोशाच्या पिशव्यांचे नमुने छापले गेले, आणि तिथून पुढे ही कला युरोपभर पसरली. ती सर्वांत खोल रुजली आयर्लंडमध्ये. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला, दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि कॉर्कच्या परिसरातल्या नन्सनी व मध्यमवर्गीय बायकांनी गरीब मुलींना क्रोशाची लेस करायला शिकवले. व्हेनिसच्या महागड्या सुईलेसची नक्कल क्रोशात कमी वेळात होते हे लक्षात आल्यावर नमुन्यांची पुस्तके निघाली. गुलाब, पाने, वेली सुट्या करायच्या आणि मग जाळीने एकमेकांत गुंफायच्या. पोटासाठी केलेले हे काम पुढे पॅरिसच्या फॅशनमध्ये गेले.

भारतात ब्रिटिश मुलखात लेस आली ती बहुतांशी मिशनऱ्यांच्या बायकांकडून. नागरकोईलला मार्था मॉल्ट यांनी १८२० च्या दशकात मुलींना लेस शिकवायला सुरुवात केली. आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूर भागात क्रोशा पोचला तोही मिशनऱ्यांमार्फतच. तिथे आजही हजारो बायका घरी बसून हे काम करतात. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले.

गोव्याची गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. इथे ‘नन्सनी शिकवले’ असे सरसकट सांगितले जाते आणि बोट दाखवले जाते जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठाकडे. या मठाची स्थापना १६०६ ची. तिथल्या जोगिणी, म्हणजे नन्स, भरतकाम उत्तम करत यात शंका नाही. गोव्यातल्या चर्चमधली जुनी जरीची वस्त्रे पाहिली की त्या काळच्या सुईकामाची पातळी कळते. पण तारखा जुळवून पाहा. मठाचा भरभराटीचा काळ सतराव्या-अठराव्या शतकातला, आणि त्या वेळी क्रोशा युरोपातही नव्हता. १८३४ साली पोर्तुगालने धार्मिक संघ बंद केले, मठात नव्या मुली घेणे थांबले आणि शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. क्रोशा जगभर पसरत होता नेमके त्याच वर्षांत हा मठ विझत चालला होता. म्हणून भरतकामाचा वारसा मठाचा मानला तरी क्रोशाचे श्रेय मी त्याला देणार नाही.

मग तो आला कुठून? माझ्या मते एका वाटेने नाही. पोर्तुगालमधल्या मुलींच्या शाळांत सुईकाम हा विषयच होता, आणि लिस्बनशी नाते असलेल्या सासष्टी, बारदेश, तिसवाडीतल्या घरांत ती रीत आली. दुसरी वाट मुंबईची. एकोणिसाव्या शतकात गोंयकार पोटापाण्यासाठी मुंबई, पुणे, कराचीकडे मोठ्या संख्येने गेले, आणि तिथे लेस, नमुने, दोरा सगळे मिळत होते. त्यात १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. १८८० पासून बारा वर्षे ब्रिटिश भारत आणि गोवा यांच्यात जकातीची भिंत जवळजवळ उरली नाही, आणि १८८८ पर्यंत मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे गेली. इंग्लंडच्या गिरण्यांचा माल गोव्यातल्या दुकानांत सहज पोचू लागला. या तहाने गोव्याच्या मिठाचे आणि शेतकऱ्यांचे नुकसान केले हे इतिहासात नोंदलेले आहे. दोऱ्याच्या रिळांची वाट मोकळी झाली असेल हा मात्र माझा अंदाज.

दोऱ्याचाही एक इतिहास आहे. साध्या सुताला रेशमासारखी चमक येते ती कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवल्याने. जॉन मर्सर या इंग्रजाने १८४४ च्या सुमारास ही प्रक्रिया शोधली, पण सूत आकसत असल्यामुळे ती मागे पडली. १८९० मध्ये होरेस लो याने सूत ताणून धरूनच ही प्रक्रिया केली आणि चमकही आली, मजबुतीही. आपल्या आज्यांच्या पेटीतले क्रोशाचे रुमाल अजून चकाकतात आणि तुटत नाहीत, त्याचे कारण हे.

गोव्यात हा दोरा दोन प्रकारच्या घरांत गेला आणि दोन्हीकडे वेगळा नांदला. ख्रिस्ती घरात तो मुख्यतः पांढरा राहिला. चर्चच्या वेदीवरच्या कापडाची किनार, पाद्रींच्या पांढऱ्या झग्याची लेस, पहिल्या कम्युनियनचा मुलीचा पोशाख, बाप्तिस्म्याचे झबले, आणि बैठकीच्या खोलीत कोरीव लाकडी मेजावरचा गोल रुमाल. त्या रुमालांवर एक नमुना फार आवडीने केला जायचा, तो अननसाचा. पंख्यासारखी सुरुवात होते, मग साखळ्यांच्या कमानी ओळीगणिक एकेकाने कमी होत टोकाशी मिटतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलकडून आपल्या किनाऱ्यावर आणलेले फळ परसात, आणि त्याची आकृती मेजावर. हा नमुना गोव्यातला नव्हे, तो जगभर केला जातो, पण इथे तो घरचा वाटतो हे खरे.

हिंदू घरात क्रोशा जाऊन बसला तो रुखवतात आणि देवघरात. ताटावरचे झाकण, देवाच्या चौरंगाची झालर, दारावरचे तोरण, पुढे रेडिओ आला की रेडिओवरचा रुमाल. चवथीच्या दिवसांत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधली, मखर सजले की दारावर तोरण चढायचे, आणि त्यावर गणपती, मोर, कमळ किंवा ‘सुस्वागतम्’ अशी अक्षरे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंना कायद्याने समान नागरिकत्व मिळाले, त्यानंतर नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी उशिरा जिंकलेल्या, तालुक्यांतही मुलींच्या शिक्षणाला हळूहळू वाट मिळाली. शिकणाऱ्या मुलीच्या हाती पाटीबरोबर सुईही आली.

तोरणावरचा गणपती कसा उमटतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. हे सगळे चौकटींचे काम. रिकामी चौकट म्हणजे एक खांब (उंच टाका), दोन साखळ्या, खालचे दोन टाके सोडून पुन्हा खांब. भरलेली चौकट म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागीही खांबच. शेजारच्या चौकटी मधला खांब वाटून घेतात, म्हणून चाळीस चौकटींच्या रुंदीला चाळीस गुणिले तीन अधिक एक, असे १२१ टाके लागतात. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने आकृती भरायची, आणि ओळ संपली की तीवर खूण करायची. सगळा कस हाताच्या ताणाचा. हात सैल पडला तर खांब उंच होतो, चौकट चौरस राहत नाही आणि गणपती उभट दिसतो. हात आवळला तर तोच बसका होतो. एकीने सुरू केलेले तोरण दुसरीने पूर्ण केले, तर जोड कुठे आहे तो नजरेला लगेच कळतो. म्हणून जुन्या बायका अर्धवट काम सहसा दुसरीला देत नसत.

काम झाले की धुणे आणि खळ. भाताची पेज गाळून तिची पातळ निवळ घ्यायची, त्यात थेंबभर नीळ, रुमाल बुडवून हलका पिळायचा आणि पाटावर टाचण्यांनी ताणून सावलीत सुकवायचा. टोके ताठ, जाळी मोकळी. पण पावसाळ्याआधी ठेवणीतली लेस खळ काढूनच ठेवायची, कारण खळीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. दमट हवेत लोखंडी सुईला गंज चढतो आणि त्याचा डाग दोऱ्यावर पडला तर सहजासहजी जात नाही. कार्यशाळांत हे कुणी शिकवताना मी अजून पाहिलेले नाही, आणि शिकवायलाच हवे.

विणकामाचे, म्हणजे दोन सुयांवरच्या लोकरीच्या कामाचे, गोव्यातले स्थान लहान पण जिव्हाळ्याचे. ते बाळंतविड्यात असते. टोपरे, पायमोजे, बिनबाह्यांचे जाकीट. आषाढ-श्रावणात जन्मलेल्या बाळाला त्याची खरी गरज. मोठ्यांचे स्वेटर विणणाऱ्या बायका इथे कमी. ज्या विणत त्या बहुधा बेळगावला, पुण्याला किंवा परदेशात असलेल्या नातलगांसाठी.

१९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, आणि पुढच्या दशकात भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगावी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. कोल्हापूर, सावंतवाडी, रत्नागिरीकडून शिक्षिका आल्या. शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला, गावच्या महिला मंडळात सुया खुळखुळू लागल्या, आणि मराठी महिला मासिकांतले विणीचे नमुने हातोहात उतरवले गेले. भारतीय बाजारपेठ खुली झाल्यावर दुकानांत अँकरचा दोरा आणि पोनीच्या सुया नेहमीच्या झाल्या. पोनीच्या सुया करणारा कारखाना निलगिरीत केट्टीला १९४९ साली उभा राहिला. अॅक्रिलिक लोकर आली ती प्रामुख्याने लुधियानाहून. ही लोकर स्वस्त, धुवायला सोपी, रंगांना तोटा नाही. दोऱ्याची पीछेहाट इथून सुरू झाली.

त्याच सुमारास हणजुणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले. क्रोशाचे झगे, झोळ्या, चौकोन जोडून केलेल्या बंड्या ही त्यांच्या पिढीची जगभरची फॅशन होती. बुधवारच्या बाजारात त्या विकल्या जाऊ लागल्या, आणि आजही किनाऱ्यावरच्या दुकानांत क्रोशाचे टॉप टांगलेले दिसतात. ते सगळे गोव्यात केलेले असतात असे मुळीच नाही. गावातल्या बायकांच्या कामाशी या बाजाराचे नाते कधी नीट जुळलेच नाही. विकत घेणारा समोर होता, करणारी दोन तालुके पलीकडे होती, आणि दोघांची गाठ घालणारे कुणी नव्हते. सरकारने गोव्याच्या हस्तकलांत क्रोशाला जागा दिली, प्रशिक्षणाचे वर्ग चालवले, लोकोत्सवात स्वयंसाहाय्य गटांचे स्टॉल लागतात. ते उपयोगी आहेच. पण भाव ठरवताना तासांचा हिशेब कुणी धरत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. क्रोशाचा अस्सल टाका घालणारे यंत्र अजून कारखान्यांत वापरात आलेले नाही. यंत्रावर होते ती त्यासारखी दिसणारी जाळी. म्हणजे प्रत्येक खांब कुणाच्या तरी बोटांनी घातलेला असतो, आणि मेजावरच्या रुमालाला जे पैसे मिळतात त्यात त्या बोटांची मजुरी बहुतेक वेळा बसत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत घराघरांत सुया बाहेर निघाल्या, व्हिडिओ पाहून मुली शिकल्या, जपानी पद्धतीची विणलेली खेळणी सगळ्यांना आवडली, आणि आताच्या कार्यशाळा त्यातूनच उभ्या राहिल्या. जाड लोकर आणि चार-पाच मिलिमीटरची सुई नवशिकीला सोपी जाते हे मान्य. टाका दिसतो, चूक उसवता येते. पण तिथेच थांबणाऱ्यांच्या हाती एक मिलिमीटरची सुई कधीच येत नाही. माझे म्हणणे इतकेच की पहिले अस्वल लोकरीचे होऊ द्या, तिसऱ्या-चौथ्या बैठकीला सुती दोरा द्या. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक, चाळीस नंबरचा.

आणि नमुना बाहेर शोधण्याआधी शिकायला येणाऱ्यांना घरातले एक जुने काम आणायला सांगावे, आजीचे, शेजारच्या मावशीचे, कुणाचेही. ते गडद कापडावर पसरून वरून सरळ फोटो काढायचा, म्हणजे जाळीची भोके स्पष्ट दिसतात. गोल रुमाल असेल तर मध्यापासून प्रत्येक फेरीचे खांब मोजून लिहायचे. तोरण असेल तर चौकटीच्या वहीत भरलेल्या आणि रिकाम्या चौकटी जशाच्या तशा उतरवायच्या. फोटोच्या मागे करणारीचे नाव, गाव, आणि अंदाजे साल. दोऱ्याची जाडी कळावी म्हणून शेजारी एक पट्टी ठेवायची. पेडण्यापासून काणकोणपर्यंत कपाटांच्या तळाशी अशी शेकडो कामे पिवळी पडत आहेत, आणि त्यांचे नमुने माहीत असलेल्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.