अमेरिका-चीन एआयवर कधीच एकत्र आले नाहीत? हे खरं नाही

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीला उतरणारी आयटीवाली मंडळी हे रोज बोलतात, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण फिरतंय, की अमेरिका आणि चीन एआयच्या नियमांवर कधी एका टेबलावर बसलेच नाहीत आणि बसणारही नाहीत. चुकीचं आहे हे, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण असं मानलं की लोक प्रयत्नच सोडून देतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये इंग्लंडला ब्लेचली पार्कात एआय सुरक्षेच्या परिषदेत जो जाहीरनामा निघाला त्यावर अमेरिका, चीन, भारत तिघंही होते. मे २०२४ ला जिनिव्हात अमेरिका आणि चीनचे अधिकारी फक्त एआयवर बोलायला समोरासमोर बसले. पण सगळ्यात मोठं म्हणजे नोव्हेंबर २०२४, पेरूची राजधानी लिमा, तिथे अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन आणि चीनचे शी जिनपिंग यांनी मान्य केलं की अण्वस्त्र वापरायचा निर्णय माणसाच्याच हातात राहील, मशीनच्या नाही. कायदेशीर करार नाहीये तो, तपासणीची सोयही नाही, हे कबूल, पण एकमेकांच्या चिप्स अडवणारे दोन देश एवढं तरी बोलले ना!

हां, फेब्रुवारी २०२५ ला पॅरिसच्या एआय परिषदेतल्या निवेदनावर चीनने सही केली, अमेरिकेने नाही केली, तेही तितकंच खरं.