नवख्रिस्ती

नवख्रिस्ती : पोर्तुगालमध्ये १४९७ साली सक्तीने ख्रिस्ती करण्यात आलेले ज्यू आणि त्यांचे वंशज यांच्यासाठी कायद्यात व लोकव्यवहारात रूढ असलेली संज्ञा. पिढीजात ख्रिस्त्यांना ‘जुने ख्रिस्ती’ म्हणत. स्पेनमध्ये अशाच लोकांना ‘कोन्व्हेर्सो’, म्हणजे धर्मांतरित, असे नाव होते; ‘मर्रानो’ हा डुकराच्या नावावरून आलेला शब्द मात्र शिवी म्हणूनच वापरला जाई. या संज्ञेतील ‘नव’ हे विशेषण कधी जुने झाले नाही. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचा खापरपणतूही नवख्रिस्तीच राही, आणि १७७३ साली कायद्याने हा भेद रद्द होईपर्यंत पावणेतीनशे वर्षे तो टिकून होता.

या प्रकरणाची मुळे स्पेनमध्ये आहेत. १३९१ साली सेव्हिल येथे फेर्रान मार्तिनेस या धर्माधिकाऱ्याच्या प्रक्षोभक प्रवचनांनंतर उसळलेली दंगल कोर्दोबा, तोलेदो, व्हॅलेन्शिया, बार्सिलोना अशी पसरत गेली. असंख्य ज्यू मारले गेले आणि जीव वाचवण्यासाठी हजारोंनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे आजवर बंद असलेली पदे त्यांना खुली झाली आणि त्याबरोबर त्यांच्याविषयीचा मत्सरही वाढला. १४४९ साली तोलेदो शहराने ज्यू वंशाच्या ख्रिस्त्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवणारा ठराव केला. पोप पाचवा निकोलस याने त्याचा निषेध केला, कारण बाप्तिस्म्याने माणूस पूर्ण ख्रिस्ती होतो ही चर्चची मूळ शिकवणच त्या ठरावाने नाकारली होती. तरीही ‘रक्तशुद्धी’ची अट पुढे मठ, विद्यापीठे आणि सरदारांचे संघ यांच्या नियमांत शिरली. श्रद्धेच्या नावाने सुरू झालेला छळ येथे जन्माकडे वळला. जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याचा हा न्याय मराठी वाचकाला अनोळखी वाटू नये. इंग्रजीतील ‘कास्ट’ हा शब्द ज्यावरून आला, तो वंशवाचक शब्द पोर्तुगीजांनीच आपल्याकडील जातींना लावला होता.

स्पेनच्या फर्दिनांद व इसाबेला या राजदांपत्याने ३१ मार्च १४९२ रोजी आज्ञापत्र काढून बाप्तिस्मा न घेतलेल्या सर्व ज्यूंना चार महिन्यांत देश सोडण्यास सांगितले. सोने, चांदी व नाणी नेण्यास बंदी असल्यामुळे घरे आणि मळे मातीमोल किमतीत विकावे लागले. अनेकजण शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले. तेथे माणशी कर भरून त्यांना आठ महिने राहण्याची मुभा मिळाली. मुदत टळलेल्यांना गुलाम ठरवण्यात आले आणि त्यांची कित्येक मुले हिरावून आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर पाठवण्यात आली. पुढचा राजा मानुएल याला स्पेनच्या राजकन्येशी विवाह करावयाचा होता, आणि ज्यूंची हकालपट्टी ही त्या विवाहाची अट होती. पण व्यापारी, वैद्य व कारागीर गमावणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने डिसेंबर १४९६ मध्ये हकालपट्टीचा हुकूम काढला आणि प्रत्यक्षात जाण्याच्या वाटा बंद केल्या. १४९७ च्या ईस्टरच्या सुमारास मुलांना आईबापांपासून ओढून नेऊन बाप्तिस्मा देण्यात आला. नंतर जहाजांच्या आशेने लिस्बनमध्ये जमलेल्या प्रौढांचीही तीच गत झाली. त्यांच्या श्रद्धेची वीस वर्षे चौकशी होणार नाही, असे वचन राजाने दिले. म्हणजे हे धर्मांतर नावापुरते आहे, याची कबुली त्याने स्वतःच देऊन ठेवली होती. १५०६ च्या एप्रिलमध्ये लिस्बनला झालेल्या हत्याकांडात सुमारे दोन हजार नवख्रिस्ती मारले गेले.

पोर्तुगालमध्ये १५३६ साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे न्यायासन, स्थापन झाले. या न्यायासनाचा उघड ज्यूंशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. बाप्तिस्मा झालेला माणूसच धर्मद्रोही ठरू शकत होता. आरोपीला तक्रारदाराचे नाव सांगितले जात नसे, मालमत्ता जप्त होई, कबुलीसाठी यातना दिल्या जात आणि इतरांची नावे सांगितल्याखेरीज कबुली पुरी धरली जात नसे. पुरावा बहुधा स्वयंपाकघरातून येई. शुक्रवारी संध्याकाळी घर झाडून स्वच्छ कपडे घालणे, डुकराचे मांस टाळणे, शनिवारी चुलीला हात न लावणे, सप्टेंबरच्या सुमारास एक दिवस निरंकार उपास करणे, एवढ्यावरून मोलकरीण, शेजारीण किंवा सूनही साक्ष देऊ शकत असे. सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनागृह), रब्बी (धर्मगुरू) आणि ग्रंथ नाहीसे झाल्यामुळे धर्म उरला तो घरातच, आणि तो सांभाळला प्रामुख्याने बायकांनी. म्हणून आरोपींमध्येही त्यांची संख्या मोठी होती.

भारतात आलेले नवख्रिस्तीही यातून सुटले नाहीत. गार्सिया द ओर्ता हा वैद्य १५३४ साली गोव्यात आला. त्याचे आईवडील स्पेनमधून पोर्तुगालमध्ये आलेले ज्यू होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर तो उपचार करी, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते, आणि भारतीय औषधींवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. गोव्याचे इन्क्विझिशन त्याच्या तीनच वर्षे आधी, १५६० साली सुरू झाले होते. तो १५६८ मध्ये मरण पावला, तेव्हा त्याच्यावर खटला झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे उकरून जाळण्यात आली. सुरुवातीला कोची व गोव्यातील नवख्रिस्त्यांवर असलेला या न्यायासनाचा रोख लवकरच स्थानिक बाटलेल्या हिंदूंकडे वळला. १७३६ च्या त्याच्या आज्ञापत्रात तुळस, लग्नविधी आणि धोतर-चोळीचीही दखल आहे. येथेही पाळत घरातल्या आचारावरच होती. गोमंतकीय त्याच्या वाड्याला ‘व्हडलें घर’ म्हणत. १८१२ साली हे न्यायासन कायमचे बंद झाले.

ज्यांना निसटता आले, त्यांनी ऑटोमन साम्राज्य, इटलीतील शहरे आणि पुढे ॲम्स्टरडॅम गाठले. धर्मावरून कोणाचाही पाठपुरावा वा चौकशी करू नये, असे कलम उत्तर नेदर्लंड्सच्या प्रांतांनी १५७९ च्या उत्रेख्तच्या करारात घातले होते. ज्यूंना डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलेले नसले, तरी त्याचा लाभ त्यांना झाला. अशाच निर्वासित कुटुंबातील मनश्शे बेन इस्रायल हा रब्बी १६५५ साली लंडनला गेला आणि १२९० पासून ज्यूंना बंद असलेले इंग्लंड खुले करावे, अशी विनंती त्याने तेथील तत्कालीन सत्ताधीश क्रॉमवेल याला केली. मात्र स्वातंत्र्य मिळालेला समाज स्वतः सहिष्णू होताच असे नाही. पोर्तो शहरातून पळून आलेल्या उरिएल दा कोस्ताने रब्बींची परंपरा नाकारली, तेव्हा ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केले व परत घेताना सिनेगॉगमध्ये फटके मारले. १६४० मध्ये त्याने आत्महत्या केली. याच समाजातील तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्यावरचा बहिष्कार १६५६ चा. १६७० मध्ये याच स्पिनोझाने विचारस्वातंत्र्य दिल्याने राज्य धोक्यात येत नाही, उलट ते काढून घेतल्याने येते, असे प्रतिपादन केले. गुप्तपणे धर्म पाळण्याचा वारसा आणि उघड धर्मसत्तेचा अनुभव या दोहोंतून ते आले आहे, असे मानण्यास जागा आहे.

पोर्तुगालमध्ये मंत्री पोंबाल याने १७७३ साली जुने-नवे हा भेद रद्द केला, आणि १८२१ मध्ये इन्क्विझिशनही संपले. डोंगराळ बेल्मोंते गावातील काही कुटुंबे मात्र पुढेही गुप्त राहिली. १९१७ साली पोलंडमधून आलेला सॅम्युएल श्वार्त्स हा ज्यू अभियंता तेथे पोहोचला, तेव्हा तो ज्यू आहे यावर तिथल्या बायकांचा विश्वास बसेना, कारण त्यांच्या पोर्तुगीज प्रार्थना त्याला येत नव्हत्या. त्याने हिब्रू प्रार्थना म्हटली. तिच्यातला ‘अदोनाय’ हा ईश्वरवाचक शब्द त्यांना ओळखता आला, आणि तो कानी पडताच त्यांनी हातांनी डोळे झाकले. १९९६ मध्ये या गावात सिनेगॉग उभे राहिले, तरी काही वृद्धांनी पूर्वीचे विधी घराची दारे लावूनच चालू ठेवले.