गाईच्या अंडाशयातला पिवळा गोळा

गाय माजावर आली, सोट (माजातला चिकट स्राव) टाकला, रेतन केलं, की मग 21 दिवस घरातले सगळे तिच्याकडेच बघत असतात, उलटते (परत माजावर येते) का गाभण राहते. या 21 दिवसांचा हिशोब ठेवतो तो अंडाशयातला जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचा गोळा, पीतपिंड.

माजात असताना त्या जागी पाण्याने भरलेला फोड असतो. त्याच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी, बाहेरच्या पेशी कोलेस्टेरॉलपासून अँड्रोजन बनवतात, म्हणजे नराचं म्हणून आपण ओळखतो ते हार्मोन, आतल्यांना ते जमत नाही पण बाहेरून आलेलं अँड्रोजन घेऊन त्याचं इस्ट्रोजेन करणं त्यांनाच जमतं. म्हणजे गाईला माजावर आणणारं हार्मोन आधी नराचं हार्मोन असतं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तो परिच्छेद तीनदा वाचला होता.

फोड फुटून बीज बाहेर पडलं की त्याच पेशींचा पीतपिंड तयार होतो आणि आता मुख्य माल प्रोजेस्टेरॉन, म्हणजे माज थांबवून गर्भ टिकवणारं हार्मोन. रक्तातून कोलेस्टेरॉल येतं, स्टार नावाचं प्रोटीन ते मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत नेतं (सगळ्या कामाचा वेग इथेच ठरतो), तिथे एक एन्झाइम त्या 27 कार्बनच्या रेणूची 6 कार्बनची शेपटी तोडतं, उरलेल्या 21 कार्बनच्या रेणूत थोडा बदल झाला की झालं प्रोजेस्टेरॉन.

पेशी हे हार्मोन साठवत नाहीत, बनलं की लगेच रक्तात जातं. त्यामुळे अंडाशयातून ते काढायचं म्हणजे महाकठीण, 1934 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांड्टच्या टीमला 50,000 डुकरिणींच्या अंडाशयांतून शुद्ध प्रोजेस्टेरॉन मिळालं फक्त 20 मिलिग्रॅम.

पिवळा रंग मात्र हार्मोनचा नाही, गाजरातल्या कॅरोटीनचा. म्हैस कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए करून टाकते, म्हणून तिचं दूध पांढरंशुभ्र आणि तिचा पीतपिंडही गाईसारखा पिवळाधमक नसतो.

16-17 दिवसांच्या सुमारास गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन नावाचं हार्मोनसारखं रसायन सोडतं, गोळा विरघळतो, प्रोजेस्टेरॉन पडतं, गाय परत माजावर. पण पोटात गर्भ असेल तर तो त्याआधीच इंटरफेरॉन-टाऊ नावाचं प्रोटीन सोडून हे थांबवतो, अजून गर्भाशयाला नीट चिकटलेलाही नसतो तेव्हा!

माजावर आणायचं म्हणून देतात ते इंजेक्शन बहुतेक वेळा याच प्रोस्टाग्लँडिनचं असतं. पहिल्या चार-पाच महिन्यांत गाभण गाईला ते चुकून गेलं तर गोळ्याबरोबर गर्भही जातो, आणि माज होऊन चार-पाच दिवसही झाले नसतील तर नव्या गोळ्यावर त्याचा असर होत नाही. म्हणून आधी तपासणी करून घ्याच, डॉक्टर हात घालून अंडाशयावर बोटं फिरवतात तेव्हा टोपीसारखा वर आलेला हाच गोळा शोधत असतात.