डेबियन १२ वर जाताना सर्व्हर मध्येच अडला, तर

आमच्याकडे देखभालीला असलेल्या जुन्या सर्व्हरसाठी हे पत्रक आहे. डेबियन ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या १२ व्या आवृत्तीवर जाताना 'बिन'सारखे जुने फोल्डर 'यूएसआर' फोल्डरमध्ये एकत्र केले जातात, आणि सर्व्हर अडतो तो तिथेच. जुने म्हणजे डेबियन ९ किंवा त्याआधी बसवलेले आणि तेव्हापासून अपग्रेड करत करत इथवर आणलेले. डेबियन १० किंवा पुढची आवृत्ती कोरी बसवली असेल, तर बहुधा तुम्हाला काहीच करायचं नाही.

खात्री करणं सोपं आहे. टर्मिनलवर मुळातल्या 'बिन' फोल्डरची सविस्तर नोंद काढा. ओळ इंग्रजी 'एल'ने सुरू होत असेल आणि शेवटी बाण 'यूएसआर/बिन'कडे दाखवत असेल, तर हे एकत्रीकरण आधीच झालंय. त्या ओळीत आकार ७ दिसतो, कारण हा पत्ता इंग्रजीत तिरकी रेघ धरून सात अक्षरांचाच आहे! ओळ 'डी'ने सुरू झाली, तर पुढचं वाचा.

लिनक्समध्ये प्रोग्रॅम 'बिन'मध्येही असत आणि 'यूएसआर/बिन'मध्येही. ही वाटणी कोणी फार विचार करून केलेली नाही. १९७० च्या दशकात पीडीपी-११ या संगणकावर युनिक्स (लिनक्सचा पूर्वज) एका डिस्कमध्ये मावेना, म्हणून उरलेलं दुसरीवर ढकललं. तिथे वापरकर्त्यांच्या फायली असायच्या, 'यूएसआर' हे नाव त्यावरूनच आलं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सने २०१२ मध्ये, १७ व्या आवृत्तीत, दोन्ही ठिकाणं एक केली. डेबियनने पुष्कळ वादावादीनंतर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीत ते सक्तीचं केलं.

हे एकत्रीकरण करणारं टूल म्हणजे 'यूएसआरमर्ज'. अपग्रेडमध्ये ते आपोआप चालतं. 'बिन', 'एसबिन' आणि 'लिब'मधलं सगळं 'यूएसआर'खाली नेतं आणि जुन्या जागी फक्त दुवा ठेवतं. जुने प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर जातात आणि त्यांना हवं ते सापडतं. बहुतेक यंत्रांवर हे झाल्याचं कळतही नाही.

अडतं कुठे? एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असली आणि आतला मजकूर वेगळा असला की. कुठली ठेवायची हे टूल स्वतः ठरवत नाही. दोन्ही पत्ते छापतं आणि थांबतं. आमच्या मते हा त्याचा सगळ्यात चांगला गुण. एका छापखान्याच्या सर्व्हरवर असंच झालं. 'लिब'मध्ये एक लायब्ररी (प्रोग्रॅमना लागणारी सामायिक फाइल) होती आणि त्याच नावाची दुसरी 'यूएसआर/लिब'मध्ये. त्यातली एक कुठल्या पॅकेजची, हे डीपीकेजीला (बसवलेल्या पॅकेजची नोंद ठेवणाऱ्या डेबियनच्या टूलला) विचारल्यावर लगेच कळलं, दुसरीला वालीच नव्हता. प्रिंटरचा ड्रायव्हर चालेना म्हणून कधीकाळी कोणीतरी ती हाताने टाकली होती. (कोणी, ते आम्ही खोदून विचारलं नाही.) ती बाजूला काढून टूल पुन्हा चालवलं, काम झालं.

म्हणजे टूल पुन्हा चालवायला हरकत नाही, ते उरलेलं काम पुढे नेतं. पण ते पूर्ण होईपर्यंत दुसरं एकही पॅकेज बसवू किंवा अपडेट करू नका. टूलच्या सूचनेतही हेच लिहिलेलं असतं आणि नेमकं तेवढंच कोणी वाचत नाही. कुठलीतरी फाइल अंदाजाने उडवू नका. 'लिब'मधली चुकीची लायब्ररी गेली, तर साधी कमांडसुद्धा चालणार नाही.

आणखी एक गोष्ट. हे झाल्यावर आपोआप मागे फिरायची सोय नाही, म्हणून आम्ही आधी पूर्ण बॅकअप घेतो आणि तो उघडून बघतो. 'यूएसआर' डिस्कच्या वेगळ्या भागावर (पार्टिशनवर) असेल, तर तिथली मोकळी जागाही आधीच पाहतो, कारण 'लिब'मधले कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मोड्यूल काहीशे एमबी सहज खातात. एकाच पार्टिशनवर असेल, तर वेगळी जागा फारशी लागत नाही. डॉकरच्या कंटेनरमध्ये (तयार इमेजवरून चालणाऱ्या बंदिस्त वातावरणात) हे टूल चालवायच्या भानगडीत पडू नका, नवी इमेज बनवून घ्या.

सर्व्हर अडलाच, तर तो बंद करू नका, रीस्टार्टही नको. पडद्याचा फोटो काढून आम्हाला पाठवा. शेवटच्या दहा-बारा ओळी आणि दोन्ही फायलींचे पत्ते त्यात दिसायला हवेत. 'काहीतरी लाल आलंय' एवढ्यावरून आम्हालाही काही सांगता येत नाही.